स्थिर आवृत्ती

मी तत्त्वाचा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या मजकुरात ते कुठे दिसून येईल याची मला खात्री नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला उभी हयात गेली. तिथे तत्त्वं बाळगायला भरपूर वेळ मिळतो आणि ती अमलात आणायची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे निवृत्त झालो तेव्हा माझी बहुतेक तत्त्वं कोरी करकरीत होती. मयूर विहार फेज 1मध्ये घर, बाल्कनीत तुळस, मुलगी पुण्यात, पेन्शन वेळेवर. अशा माणसाच्या हाती लॅपटॉप पडला की तो एकतर शेअर बाजारात शिरतो, नाहीतर तत्त्वाच्या मागे लागतो. शेअर बाजार परवडला असता.

आमच्या भागात दाक्षिणात्य वस्ती मोठी. गुरुवायूरप्पनाचं देऊळ आहे, केळीची पानं मिळतात, पुट्टूचं पीठ मिळतं, खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स मिळतात; थालीपिठाची भाजणी मात्र पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेतूनच यावी लागते. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये असेच एक मल्याळी गृहस्थ राहतात. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणते. ते कुठे आणि काय शिकवत होते हे कुणालाच नीट ठाऊक नाही, पण सकाळी फिरताना जो हाती लागेल त्याला ते शिकवतात. मी लागलो.

सरांचा विषय एकच, मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्स या मुक्त यंत्रणेवर संगणक शिकतात हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की एकदा माझा मराठी बाणा जागा झाला आणि मी ठासून म्हणालो, "सर, भारताची स्वतःची लिनक्स आहे, तिचं नाव 'बॉस', 2007 साली आली, आणि ती आमच्या पुण्याच्या सी-डॅकची आहे." सर दोन पावलं चालले आणि म्हणाले, "ते काम सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात झालं." त्यानंतर मी पुण्याचं नाव काढलं नाही.

पण खरा घाव घातला तो प्रिंटरच्या गोष्टीनं. 1980च्या सुमारास अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेत, झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन या तरुणानं जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः दुरुस्ती करून ठेवली होती, की कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना त्यांच्या संगणकावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र त्याला कुणी देईना. ज्याच्याकडे होता त्यानं, मी कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय, म्हणून हात वर केले. स्टॉलमनच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं, आणि 1983 साली त्यानं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे 1991मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला, दोन्ही एकत्र आले, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि खुद्द अँड्रॉइड फोन त्या गाभ्यावर चालतात. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या ऑफिसातही प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. आम्ही शिपायाला हाक मारायचो.

एका कागदावरून जगात क्रांती करणारा माणूस आणि त्याच कागदावरून चहाला जाणारा माणूस, यातला मी दुसरा होतो हे लक्षात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की आजपासून या घरात बंदिस्त सॉफ्टवेअर चालणार नाही. ती म्हणाली, "आधी गीझर चालत नाहीये, तो बघा."

क्रांतीची सुरुवात आयती मिळाली. जानेवारी 2021मध्ये व्हॉट्सॲपनं गोपनीयतेच्या नव्या अटी काढल्या आणि सगळीकडे एकच गलका उडाला. एलॉन मस्कनं 'सिग्नल वापरा' असं दोन शब्दांत सांगितलं आणि इतकी माणसं एकदम तिकडे धावली, की सिग्नल या मुक्त ॲपची यंत्रणा काही काळ चक्क बसली. मी त्याच गर्दीत होतो. आमच्या घराण्याचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ज्यात नागपूरची ताई, ठाण्याचे मेहुणे, इंदूरची आत्या आणि सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासकट सुविचार पाठवणारे काका, असे सगळे आहेत, त्या ग्रुपवर मी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात स्टॉलमन होता, प्रिंटर होता, आणि व्हॉट्सॲप स्वतःचे निरोप कुलूपबंद करायला 2016पासून सिग्नलवाल्यांचीच पद्धत वापरतं, मग मूळ घरी राहायला काय हरकत आहे, असा बिनतोड मुद्दा होता. 'मी जातोय, आपण सर्वांनी यावं' असं लिहून मी ग्रुप सोडला. सिग्नलवर नवा ग्रुप काढला, त्याला घराण्याचं नाव दिलं, बाप्पाचा फोटो लावला आणि वाट बघत बसलो. ताईचा फोन आला. "अरे, ते सिग्नलवर तू काय टाकलंयस म्हणतात, ते जरा व्हॉट्सॲपवर पाठव ना." आज त्या ग्रुपात दोघं आहोत. मी आणि बायको. ती गीझरच्या बिलाचा फोटो टाकते.

पुढची पायरी म्हणजे फोनच मुक्त करायचा. त्यासाठी कंपनीनं दिलेली यंत्रणा पुसून तिथे लिनिएजओएस नावाची मुक्त यंत्रणा घालतात. सर म्हणाले होते की सूचना शेवटपर्यंत वाचा आणि मगच हात लावा. मी सूचना शेवटपर्यंत वाचल्या. पण हात आधी लावला होता. मध्येच कुठलंतरी बटण धरून ठेवायचं होतं ते मी सोडलं, की सोडायचं होतं ते धरून ठेवलं, फोन एकदा थरथरला आणि जो काळा पडला तो काही केल्या उजळेना. अशा फोनला त्या क्षेत्रातले लोक 'वीट' म्हणतात. पंढरीचा विठोबा निदान विटेवर उभा तरी राहतो. मी नुसता कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होतो.

वीट घेऊन नेहरू प्लेसला गेलो. तिथे जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात एक पोरगा भिंगाखाली कुणाच्या तरी फोनची आतडी चिमट्यानं ओढत बसला होता. त्यानं माझा फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"अंकल, इसमें पहले क्या प्रॉब्लम थी?"

"कुछ नहीं."

"तो फिर किया क्यों?"

स्टॉलमन आणि प्रिंटर हे सगळं हिंदीत सांगायची माझी तयारी होती, पण मागे रांग होती. पोरानं तासाभरात फोन जिवंत केला, वर माझ्या हट्टाखातर मुक्त यंत्रणाही नीट बसवून दिली. त्याला ती येत होती. नेहरू प्लेसमध्ये सगळ्यांना सगळं येतं, फक्त पावती देता येत नाही.

असा मुक्त फोन खिशात घालून मी आचार्य निकेतनच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो. दुधी, तोंडली, अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी. पिशवी भरली, भाजीवाल्यानं आकडा सांगितला, मी ऐटीत फोन काढला आणि पैसे भरायला बँकेचं ॲप उघडलं. त्यानं मला ओळख दिली नाही. बऱ्याचशा बँकांची ॲप्स आधी फोनची झडती घेतात; यंत्रणा मूळ कंपनीची राहिलेली नाही असं दिसलं की ती दार लावून घेतात. 'आपले उपकरण सुरक्षित नाही' एवढं एक वाक्य पडद्यावर. ज्या फोनमधून मी हेरगिरी करणारं सगळं सामान वेचून बाहेर काढलं, तोच असुरक्षित! मी भाजीवाल्याला समजावायला लागलो, की भाई, खरं तर हा फोन आता तुझ्या फोनपेक्षा जास्त सुरक्षित आहे. तो म्हणाला, "जी अंकल," आणि पिशवीतला दुधी काढून परत टोपलीत ठेवला.

खिशात नोट नव्हती. 2016नंतर ज्या पिढीनं सुट्ट्या पैशांचं पाकीट ठेवणं सोडलं, तिच्यात आम्ही निवृत्त लोक सगळ्यांत पुढे. शेवटी मी भाजीवाल्याच्या क्यूआर कोडच्या पाटीचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. सिग्नलवर. आमच्या त्या दोन माणसांच्या घराण्याच्या ग्रुपवर. मिनिटभरात भाजीवाल्याच्या पेटीतून बाई बोलली, इतके इतके रुपये प्राप्त हुए. दुधी परत पिशवीत आला. मी घरी जाऊन सिग्नल किती उपयोगी आहे हे बायकोला पटवून दिलं.

नकाशाचं प्रकरण फार मोठं नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004मध्ये सुरू झालेला नकाशा स्वयंसेवकांनी बनवलेला आहे, त्यात कुणालाही भर घालता येते, आणि आमच्या गल्लीबोळातलं पुष्कळ काही त्यात नव्हतं. मी एका दुपारी भर घातली. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशी स्वयंसेवकाची अतिशय सभ्य पृच्छा आली, की आपल्या परिसरातला दुधाचा बूथ यमुना नदीच्या पात्रात आहे का. मी दूरदृष्टीनं ते प्रकरण तिथेच बंद केलं. बूथ आता काठावर आहे. मी आणला नाही.

आता स्मरणिका. ही गोष्ट जरा निवांत सांगायची आहे, म्हणून तुम्ही चहा ठेवलात तरी चालेल.

दोन वर्षं कोविडमध्ये गेल्यानंतर 2022 साली आमच्या मंडळाचा गणेशोत्सव पुन्हा थाटात करायचं ठरलं. चतुर्थी 31 ऑगस्टला होती. जुलैमध्ये समितीची बैठक झाली, आणि दरवर्षी शकरपूरच्या गल्लीतल्या एका छापखान्यात जुळवणीपासून सगळं करून घेतो ती स्मरणिका यंदा महाग पडेल असा विषय निघाला. मी उभा राहिलो. म्हणालो, जुळवणी, सजावट, मुखपृष्ठ, सगळं मी घरी करीन, एक पैसा न घेता, आणि एकाही मक्तेदार कंपनीचं सॉफ्टवेअर न वापरता. खजिनदारांनी यातला पहिला अर्धा भाग ऐकून टाळ्या वाजवल्या. दुसरा कुणी ऐकलाच नाही. लेख मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचे. मी तिथे नसल्यानं ते बायकोच्या फोनवर यायचे आणि तिनं ते मला ईमेल करायचे, अशी सुटसुटीत व्यवस्था झाली.

पानं लावायला मुक्त जगात स्क्रायबस नावाचं सॉफ्टवेअर आहे. उतरवून घ्यायला गेलो तर दोन आवृत्त्या दिसल्या. एक 'स्थिर', दुसरी 'विकसनशील'. आता, ज्यानं सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आणि 'विकसनशील' हे विशेषण दर अर्थसंकल्पाला ऐकलं, तो काय निवडणार? मी स्थिर आवृत्ती घेतली. बसवली. मुखपृष्ठावर चौकट काढली, मोठ्या अक्षरांत 'श्री गणेशोत्सव स्मरणिका' असं टंकलं, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. 'श्री'तल्या श चा पाय मोडलेला, र त्याच्यापासून फारकत घेऊन उभा. 'स्मरणिका'तली वेलांटी ण ला सोडून पुढच्या क च्या गळ्यात पडलेली. आतल्या पानांवर अध्यक्षांचं मनोगत होतं, त्यातल्या झाडून साऱ्या वेलांट्या वरात पुढे गेल्यावर चपला शोधत मागे राहिलेल्या पाहुण्यांसारख्या आपापल्या अक्षरामागून धापा टाकत येत होत्या. 'विघ्नहर्ता' तर मला उच्चारतासुद्धा आला नाही. विघ्न तेवढं समजलं.

याचं कारण मला फार नंतर कळलं. यूनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर नोंदलेली असते. डोळ्यांना दाखवताना ती उचलून अक्षराच्या आधी बसवावी लागते. जोडाक्षरं, रफार, सगळ्यांची अशीच बसवाबसव. हे काम करणारं हार्फबझ नावाचं एक इंजिन आहे. ते पूर्णपणे मुक्त आहे, आणि क्रोममध्ये आणि अँड्रॉइडमध्ये आपण रोज मराठी वाचतो ती त्याच्याच कृपेनं. स्क्रायबसमध्ये अशा लिपी नीट दिसण्याची सोय 2017 साली 1.5.3 या विकसनशील आवृत्तीत आली. त्यासाठी खटपट केली ती ओमानमधल्या लोकांनी, कारण अरबीचंही असंच अडत होतं. स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोचायला 2024 साल उजाडलं, 1.6 निघाली तेव्हा. म्हणजे मुक्त जगात मराठी पान लावणं शक्य होतं. फक्त मी पकडलेली आवृत्ती स्थिर होती, आणि तिनं खरोखरच काही हलवलं नव्हतं.

हे ठाऊक नसताना मी काय केलं असेल? प्रत्येक मथळा वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचं चित्र बनवायचं आणि ते चित्र पानावर चिकटवायचं, असा मार्ग काढला. मथळे झाले, मग मला उत्साह आला आणि परिच्छेदांचीही चित्रं करायला घेतली. रात्री दोनला बायको उठून आली तेव्हा मी अध्यक्षांच्या मनोगताचा तिसरा परिच्छेद कात्रीनं कापावा तसा माउसनं कापत होतो आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक सापडल्यामुळे ते चित्र पहिल्यापासून करायचं की अध्यक्षांनाच बदलायचं, या विचारात होतो. तिनं पडदा बघितला, मला बघितलं, आणि सांगितलं, "सकाळी सरांना विचारा." सरांनी एका वाक्यात निकाल लावला. विकसनशील आवृत्ती बसवा. बसवली, आणि सगळ्या वेलांट्या निमूटपणे आपापल्या जागी जाऊन बसल्या. कापलेली चित्रं अजून लॅपटॉपमध्ये आहेत. पुसवत नाहीत.

मुखपृष्ठावरचा बाप्पा मी गिंपमध्ये रंगवला. गिंप 1990च्या दशकात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. मला त्यात चौकोन काढायला जमला नाही, पण रंग भरायला जमला, आणि पडद्यावर तो शेंदरी असा काही झळाळत होता की मीच हात जोडले. आता पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग बनवतो, छापखाना निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना झळाळी उतरते. त्या वेळचं गिंप उजेडाच्याच हिशोबानं काम करायचं, शाईचा हिशोब निराळा करावा लागायचा. मी तो केला नाही, कारण असा काही हिशोब असतो हेच मला माहीत नव्हतं. छापून आलेला बाप्पा बघून आमच्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ आजींनी काळजीनं विचारलं, "याला बरं नाहीये का?"

पण ते नंतरचं. त्याआधी मी तयार पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन शकरपूरला गेलो. छापखान्यातला ऑपरेटर बिहारचा, चटपटीत. त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि विचारलं, "अंकल, सीडीआर कहाँ है?" म्हणजे कोरलड्रॉची फाइल. उत्तर भारतातल्या कुठल्याही गल्लीतल्या छापखान्यात तुम्ही लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पोस्टरपर्यंत काहीही घेऊन जा, तिथे कोरलड्रॉ, पेजमेकर आणि कृतिदेव हा टंक हेच त्रिदैवत आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001मध्ये निघाली, कंपनीनं स्वतः ते केव्हाच सोडून दिलं, पण गल्लीनं सोडलेलं नाही. महाराष्ट्रातही कित्येक छापखाने अजून पेजमेकर आणि श्रीलिपी याच जोडीवर चालतात. तिथे दिवाळी अंकाला यूनिकोडमध्ये लेख पाठवला की संपादक नम्रपणे कळवतात, की मिळाला, आता पुन्हा टंकून घेतो.

मी म्हटलं, पीडीएफ आहे, तशीच छापा. त्यानं तशीच छापली असती. पण तेवढ्यात बायकोच्या फोनवर खजिनदारांचा निरोप आला, आणि तिनं मला फोन करून तो वाचून दाखवला, की मिठाईवाल्यांची पानभर जाहिरात आली आहे, ती आतल्या आभाराच्या पानाच्या जागी घ्या आणि आभार मागच्या कव्हरवर आटोपशीर करून टाका. मी घरी जाऊन फाइल बदलून आणतो म्हणालो. मेट्रोनं जायला किती वेळ लागतो? ऑपरेटरनं घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आप बैठिए, मैं टाइप कर देता हूँ." चहा आला. तो मराठी न कळता, अक्षरं बघून, माझ्यापेक्षा चौपट वेगानं टंकत होता. मी कौतुकानं बघत राहिलो. वाचलं नाही.

दिल्लीत ज्या रस्त्याला टिळकांचं नाव आहे त्याच्या पाटीवर 'तिलक' लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या मुलाला ळ ही टंकणाऱ्याची चूक वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. त्यानं 'मंडळा'चं 'मंडल' केलं, सोळा कार्यकर्त्यांचे सोला केले. तेवढ्यावर भागलं असतं. पण आभारात एक ओळ होती, महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. ऱ्य हे अक्षर त्यानं जन्मात बघितलेलं नव्हतं. त्यानं तिथे शुद्ध रफार दिला आणि स्मरणिकेत आलं, 'महाप्रसादाच्या आचार्यांचे मनःपूर्वक आभार'. आमच्याकडे संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. दरवर्षी प्रसादाला येतात, नैवेद्याच्या वेळी दोन श्लोक म्हणतात आणि वर्गणीच्या वेळी दिसत नाहीत. ते स्मरणिका हातात घेऊन माझ्याकडे आले, त्यांचा गळा दाटून आला होता. "याची खरंच गरज नव्हती," असं म्हणून त्यांनी पाचशे एक रुपये काढून दिले. खजिनदारांनी पावतीसुद्धा 'आचार्य' या नावानंच फाडली. ज्याच्या मसालेभातावर सगळे तुटून पडले होते तो आचारी कढईमागे उभा होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं म्हणून आम्ही वाचलो.

त्याच उत्सवात माझा एक विजयही झाला, तो सांगितलाच पाहिजे. एका सभासदानं जुन्या कॅसेटांवरची मंडळाची नाटकं संगणकावर उतरवली होती. नाना तऱ्हेच्या फाइली, एक एका सॉफ्टवेअरमध्ये चालेल तर दुसरी नाही. असलं काहीही मुकाट चालवणारं एकच सॉफ्टवेअर आहे, पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी 1996मध्ये सुरू केलेलं व्हीएलसी, ज्याचं चिन्ह रस्त्यावर ठेवतात तो केशरी-पांढरा शंकू आहे. मी समितीतल्या सगळ्यांना सांगितलं, त्याच्या साइटवर जाऊन उतरवून घ्या. संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस. साइट उघडत नाही. उघडणार कशी? फेब्रुवारी 2022पासून ती साइट भारतात बंद केलेली होती, आणि का, ते कुणी जाहीरही केलं नव्हतं. व्हीएलसीवाल्यांनी कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरमध्ये ती उघडली, आणि आमचा उत्सव नेमका या दोन्हींच्या मध्ये आला. मंडळात बातमी पसरली, की हे निवृत्त सरकारी अधिकारी लोकांना सरकारनं बंद केलेल्या साइटवर पाठवतायत. रात्री बायकोनं दिवा मालवता मालवता विचारलं, "याचा पेन्शनवर काही परिणाम होतो का हो?" नाटकं शेवटी सरांच्या लॅपटॉपवर चालली, लिनक्समध्ये व्हीएलसी तिच्या स्वतःच्या भांडारातून येतं, साइटवर जावंच लागत नाही. प्रयोगात पहिल्या रांगेत मी बसलो आणि शंकू दिसला तेव्हा एकट्यानं टाळी वाजवली.

आता या सगळ्यानंतर तुम्ही म्हणाल, मी पुन्हा मूळ पदावर आलो असेन. नाही. लिब्रेऑफिसमध्ये मी हा लेख लिहितोय, फोन अजून मुक्त आहे, आणि सरांच्या खालोखाल सोसायटीत या बाबतीत शुद्ध माणूस मीच, अशी माझी समजूत होती. सरांच्या शुद्धतेबद्दल मात्र मला नेहमी नवल वाटायचं. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही, तरी पाण्याची टाकी धुणार आहेत हे त्यांना आमच्या आधी कळतं. गेटवर आलेल्या प्रत्येक माणसाला ॲपवरून होकार द्यावा लागतो, नाहीतर तो गेटवरच उभा राहतो. त्यांच्याकडे ते ॲप नाही, तरी त्यांचा इस्त्रीवाला सरळ वर जातो. गॅस वेळेवर, बिलं वेळेवर. परवा फिरताना मी शेवटी विचारलंच, की सर, हे सगळं मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही कसं जमवता? कुठलं ॲप आहे?

सर थोडे घुटमळले. मग म्हणाले, "मॅडमच्या फोनवर आहे सगळं."

मी जवळजवळ धावत घरी आलो. इतकी वर्षं जे कोडं सुटत नव्हतं त्याचं उत्तर इतकं सोपं! बायको सोफ्यावर बसून फोनवर बोटं चालवत होती; गेटवर माझं कुरिअर आलं होतं, त्याला वर सोडत होती. मी उत्साहानं तिला सगळी योजना सांगितली, की हे बघ, आपण सरांच्या पद्धतीनं जायचं. मी माझा फोन पूर्ण शुद्ध ठेवीन, आणि व्हॉट्सॲप, बँक, गेट, गॅस, वीज, मंडळ, ताई, हे सगळं बंदिस्त जे काही आहे ते तू तुझ्या फोनवर सांभाळ.

तिनं कुरिअरवाल्याला होकार दिला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि आत्तापर्यंत काय चाललंय?"